शनिवारचा साक्षीदार

"डावं जड आहे," मी म्हणाले.

मध्ये बोलायचं मला काहीच कारण नव्हतं. फळवाल्याच्या गाडीपाशी तो दोन हातांत दोन संत्री घेऊन उभा होता. चेहरा इतका गंभीर, की जणू दोघांपैकी एकाला शिक्षा सुनावायची आहे. मागे आम्ही तिघंचौघं खोळंबलो होतो. भुरभुर पाऊस चालू होता, आणि माझ्या छत्रीची एक काडी मोडलेली असल्यामुळे सगळं पाणी नेमकं माझ्याच खांद्यावर येत होतं.

त्याने वळून पाहिलं. "कशावरून?"

"तुमचा डावा खांदा उतरलाय."

त्याने खांदा सरळ केला, आणि दोन्ही संत्री माझ्यापुढे धरली. "मग नीटच सांगा."

मी घेतली. थंड, ओली. "बारा ग्रॅमचा फरक आहे... तेरा असेल."

फळवाल्याला गंमत वाटली. त्याने एकेक संत्रं काट्यावर ठेवलं. फरक बारा ग्रॅमचाच निघाला.

"हे कुठे शिकलात?"

"नोकरीत. चेंडू सांभाळते मी."

"म्हणजे खेळाच्या शिक्षिका?"

"तसंच समजा."

त्याने जड संत्रं माझ्यासमोर केलं. "जिंकलात. हे तुमचं."

"बक्षीस घेत नाही मी. कुणाकडूनच." एवढं बोलून मी माझी फळं न घेताच निघाले. दोन वळणं गेल्यावर लक्षात आलं, की मी हसतेय.

मी राष्ट्रीय लॉटरीच्या मुख्य कार्यालयात काम करते. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता सगळा देश टीव्हीवर ज्या एकोणपन्नास चेंडूंकडे डोळे लावून बसतो, ते चेंडू माझ्या ताब्यात असतात. हे बाहेर सांगू नये असा नियम नाही, पण शहाणपण आहे. एकदा कळलं की माणसं कोपऱ्यात घेऊन नंबर विचारतात. नंबर मला ठाऊक असते तर मी मोडकी छत्री घेऊन फिरले असते का, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय आम्हाला तिकीट काढायला बंदी. आम्हालाच काय, आमच्या घरात राहणाऱ्यांनाही.

"सगळ्या देशाला लागू शकते, एक माझ्या घराला लागू शकत नाही," आई म्हणायची. "नोकरी अगदी शोधून काढलीस."

त्या दुपारी साडेचारला मी वजनखोलीत गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीची. चार कोपऱ्यांत चार कॅमेरे, आवाजासकट सगळं टिपणारे. आम्ही तिथे चौघंच असायचो. सोडतप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, यंत्र चालवणारे काका, मी, आणि साक्षीदार. साक्षीदार आमच्यातला नसतो, आणि तसा नसणं हेच त्याचं काम. तो बाहेरच्या हिशेबतपासनीस संस्थेतून येतो. सगळं नियमाने झालं असं त्याने सही करून सांगितल्याशिवाय सोडत खरी मानत नाहीत. नऊ वर्षं येणारे आमचे म्हातारे साक्षीदार जिन्यात घसरून पाय मोडून बसले होते, म्हणून आज नवीन माणूस यायचा होता.

दार उघडलं, आणि तो आत आला. अंगाला संत्र्याचा अगदी हलका वास.

"खेळाच्या शिक्षिका," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ओळख आहे तुमची?"

"नाही," मी म्हणाले.

"अर्ध्या मिनिटाची आहे," तो म्हणाला. "आज दुपारची. विषय, संत्री."

"मग तसं लिहून द्या," बाई म्हणाल्या, आणि त्याने खरंच लिहून दिलं. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या छापील कागदावर सह्या केल्या. दर शनिवारी करायचो. कागदावर लिहिलेलं असायचं – या सोडतीत काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीशी माझे नाते, व्यवहार किंवा आपुलकीचा संबंध नाही. सहा वर्षांत मी ते वाक्य कधी वाचल्यासारखं वाचलं नव्हतं.

आमचं काम तसं सोपं. लोक एक ते एकोणपन्नासमधले सहा आकडे निवडून तिकीट काढतात. संध्याकाळी सहाला विक्री बंद होते. विकलेल्या सगळ्या तिकिटांची नोंद तिथल्या तिथे मोहोरबंद करून साक्षीदाराच्या हातात जाते, म्हणजे सोडतीनंतर कुणाला मागच्या दाराने तिकीट घुसवता येऊ नये. चेंडूंचे चार संच, यंत्रं दोन. कुठला संच, कुठलं यंत्र, हेसुद्धा साक्षीदार चिठ्ठी उचलून ठरवतो. मग मी हातमोजे घालून पेटीची मोहोर तोडते आणि एकेक चेंडू काट्यावर ठेवते. ऐंशी ग्रॅमच्या जवळपास, केसभर इकडेतिकडे. एक चेंडू जरी हलका निघाला तरी तो हवेत जास्त उडणार, आणि कुणाचं तरी नशीब आपण ठरवल्यासारखं होणार. ते नशिबानेच ठरवायचं. आम्ही फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

मी आकडा आणि वजन सांगायचे, तो वहीत टिपायचा आणि म्हणायचा, "लिहिलं."

एकोणपन्नास वेळा. दर शनिवारी.

आता हसू येतं, पण आमचं सगळं बोलणं त्या एका शब्दात मावायचं. "लिहिलं" कधी थकलेलं असायचं, कधी चौकशी करणारं. मला सर्दी झालेली असली की ते हळू व्हायचं. एकदा एकोणतीस नंबर काट्यावर ठेवताना माझ्या तोंडून गेलं, "माझं वय."

"माझं यायचंय अजून," तो वहीतून मान वर न करता म्हणाला. "सदतीस."

काका खाकरले. "वजनं चाललीत, की ओळखपरेड?"

सदतीस आला. काट्याने दोन शतांश जास्त दाखवलं. "जरासा जड आहे," मी म्हणाले.

"दोष नाही तो. स्वभाव आहे."

बाईंनी पेन टेबलावर आपटलं, आणि पुढचे बारा चेंडू मी कुणाकडेही न बघता मोजले... पण मान खाली घालून हसलं, तरी कॅमेऱ्याला ते दिसतंच.

तिसऱ्या महिन्यात एक प्रकार झाला. मी एकतीस नंबर उचलला आणि थांबले. हाताला तो बरोबर लागेना. काट्यावर ठेवला, तर काटा सगळं ठीक आहे म्हणाला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हलका आहे."

"काटा बरोबर दाखवतोय."

"हो. पण हलका आहे."

घड्याळात साडेपाच. बाईंचा चेहरा कडक झाला. हाताला वाटतं म्हणून संच बदलायचा, तर कागदावर काय लिहायचं? तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा जरा. तीस आणि एकतीस, दोन्हींचं वजन शेवटच्या अंकापर्यंत सारखं आलंय. इतक्या आठवड्यांत लागोपाठ दोन चेंडूंचं असं कधी झालेलं नाही. काटा तपासायला हवा."

काटा तपासला. तो तीस नंबरवरच अडकला होता. नवा काटा आला, आणि एकतीस अर्धा ग्रॅम हलका निघाला. भिंगाखाली पाहिलं तेव्हा त्याच्या वरच्या थराचा एक टवका उडालेला दिसला. तो संच बाजूला गेला, दुसरा आला, आणि सोडत वेळेवर झाली. कुणाला काही कळलं नाही.

जाताना लिफ्टपाशी तो म्हणाला, "मी तुमच्या हातावर विश्वास ठेवला असं समजू नका. मी वहीवर ठेवला."

"माहितीय."

"पण वहीकडे बघावंसं वाटलं... ते तुमच्या चेहऱ्यामुळे."

लिफ्ट आली. तिथेही कॅमेरा होताच. आम्ही दोघं जिन्याने गेलो, पण तो वर हिशेबविभागात आणि मी खाली घरी.

घरी आई शिवणयंत्रापाशी बसलेली असायची. माझ्या चौदाव्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून त्या यंत्रावर तिने घर ओढलं, आणि त्यात डोळे गेले. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण माझं मन वाचता यायचं.

"शनिवारी तुझी पावलं हलकी वाजतात," ती एकदा म्हणाली. "कोण आहे?"

"कुणी नाही गं."

"कुणी नाही, तो काय करतो?"

"...सह्या करतो."

"चांगलं आहे. अक्षर तरी असेल."

मी विषय बदलला. मला नियम ठाऊक होता. साक्षीदार आणि चेंडू सांभाळणारी यांच्यात काही असलं, तर त्या सोडतीवर कुणी विश्वास का ठेवावा? कुणीतरी पोटाला चिमटा काढून तिकीट घेतं. त्याला निदान एवढा तरी भरवसा हवा, की आत कुणी कुणाचं नाही. मी स्वतःला सांगत राहिले, की काही नाहीच. आम्ही कधी बाहेर भेटलो नव्हतो. एकमेकांचा फोन नंबरसुद्धा आमच्याकडे नव्हता. मग माझ्या सहीत खोटं काय होतं?

सातव्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. मंगळवारी सकाळी तिला आत नेलं आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिले. समोरच्या खोलीतून तो बाहेर आला, चष्म्याचा नवा नंबर लिहिलेला कागद हातात घेऊन.

दोघंही उभे राहिलो. असं वाटलं, की कॅमेरा कुठे आहे ते आधी शोधावं.

"कोण आहे आत?"

"आई."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि शेजारी बसला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मग उठून चहा घेऊन आला, दोन कागदी पेले.

"हे कळवावं लागेल," मी म्हणाले.

"कळवेन. दवाखान्यात भेट, चहा एक. साखर किती, तेही लिहू?"

मी हसले, आणि मग कसं कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. आईला काही झालं तर माझं दुसरं कुणी नव्हतं. तो बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या-लहान अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला.

"मी अशा बाकांवर पुष्कळ बसलोय," तो शेवटी म्हणाला. "माझी बायको होती. तीन वर्षं संसार झाला, त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यात. चार वर्षं झाली तिला जाऊन. शनिवारी आम्ही बाजारात जायचो... मी निवडलेली फळं ती परत ठेवायची. ती गेल्यावर शनिवार सरता सरेना. म्हणून शनिवारचं काम मागून घेतलं."

मी विचारलं, "आता सरतो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बिनखिडकीच्या खोलीत सात महिन्यांत त्याने असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"आता तो उरलेल्या सहा दिवसांना खातो," तो म्हणाला.

परिचारिकेने नाव पुकारलं. आई ठीक होती, डोळ्यावर पट्टी. ती बाहेर आली तेव्हा तो निघून गेलेला होता, आणि बाकावर दोन रिकामे पेले होते. आईने उघड्या डोळ्याने पेले मोजले.

तो शनिवार साधा नव्हता. दहा आठवडे कुणाचेच सहाही आकडे जुळले नव्हते. मोठं बक्षीस कुणाला लागलं नाही की ते पुढच्या आठवड्याच्या बक्षिसात मिसळतं, आणि आता ते इतकं फुगलं होतं, की ज्यांनी जन्मात तिकीट घेतलं नाही तेही रांगेत उभे होते. फाटकाबाहेर वार्ताहर होते. बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

साडेचार वाजता छापील कागद आले. काकांनी सही केली. मी सही केली. नेहमीसारखी, न वाचता... नाही, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी वाचलं होतं. वाचलं, आणि तरी केली.

त्याने पेन उघडलं. ओळीवर टेकवलं. आणि तसंच धरून राहिला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

त्याने पेनचं टोपण लावलं. "मला ही सही करता येणार नाही."

बाईंनी चष्मा काढला.

"कशासाठी?"

"एका शब्दासाठी. आपुलकी." त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता, वजन टिपताना असायचा तसा. "मागच्या शनिवारी केली ती खरी होती, असं मला तेव्हा वाटत होतं. आज केली तर ती खोटी होईल. राखीव साक्षीदाराला बोलवा. मोहोर अजून तोडलेली नाही, वेळ आहे."

"कुणाबद्दल?" बाई म्हणाल्या.

"ते मी लेखी देईन. फक्त माझ्या बाजूचं आहे. दुसऱ्या कुणी काही केलेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवण्यासाठीच तो बघत नव्हता, हे मला समजत होतं. गप्प बसले असते तर माझं काही बिघडणार नव्हतं. सहा वर्षांची नोकरी, आईची औषधं, बाईंचा भरवसा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त टेबलावर माझी एक सही पडून होती, आणि तिची शाई अजून वाळायची होती.

मी हात पुढे केला, माझा कागद ओढला आणि सहीवर आडवी रेघ मारली.

"तू काय करतेस?" बाई म्हणाल्या.

"मीही नको आज."

"कारण?"

"तेच," मी म्हणाले.

काकांनी पहिल्यांदा त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले. हे काम आज लवकर सुरू होत नाही, हे त्यांनी ओळखलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला, राखीव साक्षीदाराला आणि माझ्या जागी काम करणाऱ्या मुलीला बोलावलं, आणि आम्हा दोघांना म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसा. सोडत होईपर्यंत इमारत सोडायची नाही."

हाही नियमच. आत आलेला माणूस सोडत संपेपर्यंत बाहेर जात नाही, आणि फोन खाली जमा असतात. आम्ही बोळातल्या बाकावर बसलो. रखवालदाराच्या टेबलावर एक छोटा टीव्ही चालू होता.

मी म्हणाले, "मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं."

"मग?"

"हो म्हणाला असतात, तर तुमची सही खोटी. नाही म्हणाला असतात..." तो थांबला. "तर माझी तरीही खोटीच."

"आधी सांगायचं होतंत. शुक्रवारी. गुरुवारी. अख्खा देश टीव्हीसमोर बसलाय, आणि तुम्हाला हाच दिवस सापडला."

"मला पेन टेकवल्यावर कळलं," तो म्हणाला. "खरंच. तोवर मला वाटत होतं, मी नुसता तुमच्या आईची चौकशी करायची म्हणून थांबलोय."

मला राग आला होता, आणि भीती वाटत होती, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे इतकं शांत होतं, की त्याचं नाव घ्यायचीही घाई नव्हती.

सात वाजले. टीव्हीवर निवेदिका जुन्या विजेत्यांच्या गोष्टी सांगत राहिली. सव्वासात. रखवालदार अस्वस्थ झाला. सात वाजून बावीस मिनिटांनी यंत्र दिसलं. सहा वर्षांत मी सोडत कधी अशी पाहिली नव्हती, लोक पाहतात तशी. चेंडू उधळले, आणि एकेक करून सहा खाली आले. मला त्यातल्या प्रत्येकाचं वजन पाठ होतं. पण आज ते कुणी दुसरीने मोजलं होतं, आणि माझे हात मांडीवर रिकामे पडले होते.

तो त्या हातांकडे बघत होता. त्याने ते धरले नाहीत.

त्या रात्री एका तिकिटाचे सहाही आकडे जुळले. सोमवारी वर्तमानपत्रांत एकच प्रश्न, की सोडतीला बावीस मिनिटं उशीर का झाला? कुणीतरी तक्रार केली, की आत काहीतरी शिजलं. चौकशी बसली. निकाल लागेपर्यंत आम्ही दोघांनी भेटायचं नाही, बोलायचं नाही, असा लेखी आदेश आला. त्याची संस्था त्याला दुसऱ्या कामावर घेऊन गेली. मला बक्षीसवाटपाच्या खिडकीवर बसवलं.

पाच आठवडे मी तिथे बसले. चार आकडे जुळलेले, तीन जुळलेले, छोटी छोटी बक्षिसं घेऊन माणसं यायची. एक म्हातारं जोडपं आलं. कुठला आकडा कुणी सांगितला होता, यावरून खिडकीतच त्यांचं जुंपलं. माझ्यामागच्या भिंतीवर न नेलेल्या बक्षिसांची यादी होती. तिकीट लागल्यापासून एकशे ऐंशी दिवसांत माणूस आला नाही, तर बक्षीस परत जातं. मी रोज ती यादी वाचायचे. लागलेलं असतं, सगळं खरं असतं, आणि माणूस येत नाही.

"आदेश आहे म्हणून गप्प आहेस, की मनात शंका आहे?" आईने विचारलं.

"शंका नाही."

"मग जेव. उपाशी राहून चौकशी लवकर संपत नाही."

चौकशी करायला एक निवृत्त न्यायाधीश आले होते. कानाला यंत्र, आवाज बारीक. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना एकदमच बोलावलं. टेबलाच्या दोन टोकांना आम्ही, मधे बाई. तो वाळला होता. चष्मा नवा होता.

"वजनं मी पुन्हा करून घेतली," न्यायाधीश म्हणाले. "मोहोर तोडण्याआधी तुम्ही दोघं बाजूला झालात, त्यामुळे त्या सोडतीवर डाग नाही. आधीच्या प्रत्येक सोडतीचं चित्रण मी पाहिलं. सात महिन्यांचं. आवाजासकट." त्यांनी कागद सारखे केले. "नियमाविरुद्ध एक शब्द सापडला नाही. पण एक सांगतो. तुम्हा दोघांना ते सातव्या महिन्यात कळलं. बघणाऱ्याला दुसऱ्या महिन्यातच कळतं."

बाई कपाटाकडे बघू लागल्या. त्यांचेही कान लाल झाले होते.

निकाल असा, की दोघांपैकी एकाने कामावर परत यायला हरकत नाही. दोघांनी नाही.

"त्या परत येतील," तो म्हणाला. "मी पहिल्याच आठवड्यात संस्थेला लिहून दिलंय. माझ्यासारखे साक्षीदार दहा मिळतील."

मी काही म्हणायच्या आत न्यायाधीशांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. विषय संपला होता.

आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर ऊन होतं. एका कोपऱ्यापर्यंत दोघंही मुक्यासारखे चाललो.

"बोला ना आता," मी म्हणाले. "इथे कुणी टिपत नाहीये."

"सवय मोडलीय. तुम्ही आकडा सांगितल्याशिवाय मला बोलताच येत नाही."

मला हसू फुटलं, आणि मग त्यालाही. मी म्हणाले, "रविवारी आईला घेऊन येते. तुमचं घर बघायचं म्हणतेय."

रविवारी तो दारातच उभा होता. दोन खोल्यांचं घर, इतकं आवरलेलं, की आदल्या दिवशी आवरलंय हे लगेच कळावं. आई खुर्चीत बसली. एका डोळ्याची पट्टी निघून महिना झाला होता, आणि त्या डोळ्याने ती आता जगातली एकही गोष्ट सोडत नव्हती. चहा झाला. त्याची नोकरी, भाडं, आईवडील, सगळं विचारून झालं. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर थांबली.

"तिथलं काय काढलंत?"

भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ होता. वर रिकामा खिळा.

तो गोरामोरा झाला. "फोटो होता. तिचा. मला वाटलं... आज नको."

"का नको?"

"तुम्हाला कसं वाटेल, म्हणून."

आईने कप खाली ठेवला. "माझ्या घरात हिचे वडील भिंतीवर आहेत," ती म्हणाली. "पंधरा वर्षं. त्यांना उतरवून मी कुणाला घरात घेतलं नसतं. आणि जी या घरात होती तिला कपाटात कोंबून माझी मुलगी इथे यायची नाही. लावा परत."

तो उभाच राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. विचारत होता. मी मान हलवली.

आतून तो फोटो घेऊन आला. साधी चौकट. हसरी, जरा सावळी बाई, वाऱ्याने केस उडालेले. मी तो हातात घेतला आणि पदराने काच पुसली. मनात काहीतरी टोचलं, नाही असं नाही.

"त्रास होईल तुम्हाला," तो हळूच म्हणाला.

"होईल कधीकधी. तेव्हा सांगेन."

त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. त्याचा एक पाय आखूड होता. तो वर चढला, मी फोटो त्याच्या हातात दिला. तो खिळा चाचपत होता; स्टूल डुगडुगलं.

"पडेन मी," तो म्हणाला, सगळं लक्ष भिंतीवर. "नीट धर."

आणि गप्प झाला. हात तसाच वर, फोटो खिळ्यावर अर्धा टेकलेला. 'धरा' नव्हता म्हणाला तो. सात महिने 'तुम्ही', बाकावर 'तुम्ही', न्यायाधीशांसमोर 'तुम्ही'... आणि आता हे त्याच्या तोंडून निसटलं होतं, आणि त्याला परत घेता येत नव्हतं.

आई खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागली.

"धरलंय," मी म्हणाले. "तू लाव."